इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को: किती लांब?

या प्रश्नाचं उत्तर मोबाइलवर चटकन मिळतं, पण ते फारसं कामाचं नसतं.

इंदूरहून तिकडे थेट विमान नाही, म्हणून दिल्लीपासून मोजू. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर सुमारे 12,400 किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशावर ते दिसणार नाही. पृथ्वीगोल घ्या, दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरा. तो उत्तर ध्रुवाजवळून जातो.

विमान मात्र दोऱ्यावरून जाईलच असं नाही. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने या फेरीची दिशाच बदलली. आधी विमान अटलांटिकवरून जायचं, सुमारे 13,900 किलोमीटर. मग ते पॅसिफिकवरून जाऊ लागलं, सुमारे 15,300. वाट लांबली आणि वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी झाला! किमया वाऱ्याची. नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. ते पाठीशी घ्यायचे. परतीचं विमान अटलांटिकवरून, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच. जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणा! कार्तिकेयाचा मोर आठवला ना?

वारा रोज सारखा नसतो, आणि आकाशालाही हद्दी असतात. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडच्या फेऱ्या लांबल्या. म्हणून कुणाच्या जुन्या अनुभवावर विसंबू नका.

हे सगळं मी माझ्या ताईमुळे शोधलं. तिचं वय 78, घरात एकटी. मुलगा, म्हणजे माझा भाचा, सॅन फ्रान्सिस्कोत. पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिने विचारलं, "किलोमीटर राहू दे रे. तो निघाला तर माझ्यापाशी कधी पोचेल?"

मग कागदावर मांडलं. घरापासून विमानतळ एक तास, तिथे तीन तास आधी. विमानात सोळा धरले. दिल्लीला इमिग्रेशन, सामान, कस्टम आणि पुढच्या विमानाची वाट, चार तास. इंदूरपर्यंत दीड, मग घर एक तास. झाले साडेसव्वीस, तेही तिकीट लगेच मिळालं तर. घड्याळाची गंमत वेगळीच: तिथून उन्हाळ्यात सोमवारी सकाळी 10 ला सुटलेलं विमान सोळा तासांनी दिल्लीत उतरतं तेव्हा मंगळवार दुपारचे 2.30 झालेले असतात. तिकडच्या थंडीत आणखी एक तास पुढे.

ताईने डॉक्टरांकडून तारीखच पुढे ढकलून घेतली, भाचा दोन दिवस आधी येईल अशी. ऑपरेशन छान झालं. पण अडचण काही तारीख सांगून येत नाही, आणि तेव्हाचे ते सत्तावीस तास गल्लीतल्याच कुणाला तरी सांभाळावे लागतात. ताईच्या फ्रिजवर आता नंबरांची यादी आहे. पहिला नंबर समोरच्या घरातल्या, अकरावीतल्या मुलाचा. घराची दुसरी किल्लीही त्याच्याकडे. भाच्याचा नंबर चौथा, आणि हा क्रम त्यानेच लावला.

तुमच्या आजीकडे अशी यादी नसेल, तर या रविवारी करून द्या. अक्षर मोठं काढा.