सही घेतली म्हणजे सुटलो?

मागच्या आठवड्यात आमच्या गावातला एक तरुण दवाखान्यात आला. त्याने नुकतीच भाड्याच्या गाळ्यात जिम सुरू केली आहे. हातात छापील कागदांचा गठ्ठा होता. "डॉक्टरसाहेब, यावर 'प्रकृती ठीक आहे' असं लिहून सही-शिक्का करून ठेवा. नावं मी नंतर भरतो." कागदावर मजकूर होता : 'व्यायाम करताना इजा अथवा मृत्यू झाल्यास मालक जबाबदार राहणार नाही.'

शिक्का अर्थातच मी मारला नाही. ज्याला तपासले नाही त्याला प्रमाणपत्र देणे हा शुद्ध खोटेपणा आहे. पण त्याची भीती खोटी नव्हती. बँकेचे कर्ज काढून धंदा उभा केलेला. उद्या कोणी दावा लावला तर गाळाही जाईल आणि घरही, ही धास्ती.

तो गेल्यावर मी माझाच ड्रॉवर उघडला. संमतीपत्रांच्या जुन्या गठ्ठ्यात तेच वाक्य होते : 'काही बरेवाईट झाल्यास डॉक्टर जबाबदार नाहीत.' वर्षानुवर्षे आम्ही त्यावर सह्या घेत आलो. त्या कागदाने आम्हाला कवच दिले असे आम्हाला वाटत होते, एवढेच.

वाचकहो, १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. पुढे २००८ साली याच न्यायालयात दिल्लीतील एका स्त्रीचा दावा निकाली निघाला. तिने दुर्बिणीतून तपासणीसाठी सही केली होती. ती भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व बीजकोश काढण्यात आले. न्यायालयाने ही संमती ग्राह्य धरली नाही. तपासणीची सही म्हणजे शस्त्रक्रियेची सही नव्हे, आणि जिवाला तातडीचा धोका नसेल तर शुद्धीवर येऊन रुग्णानेच निर्णय घ्यायचा.

हे फक्त डॉक्टरांपुरते नाही. हॉटेलात उभी केलेली मोटार चोरीला गेल्याच्या एका दाव्यात २०१९ साली न्यायालयाने सांगितले, की हॉटेलने किल्ली घेऊन गाडी ताब्यात घेतली असेल, तर पावतीवर 'मालकाच्या जबाबदारीवर' असे छापून स्वतःचा हलगर्जीपणा झाकता येणार नाही. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यात तर 'अनुचित करार' म्हणजे काय, याची व्याख्याच दिली आहे.

मग कागद निरुपयोगी का? नाही. धोक्याची कल्पना दिली होती, समजेल अशा भाषेत दिली होती, याचा तो पुरावा ठरतो. निष्काळजीपणाची माफी मात्र त्यातून मिळत नाही.

त्या तरुणाला मी दुसऱ्या दिवशी बोलावून तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, प्रवेश देताना विचार : छातीत दुखते का, चक्कर येते का, रक्तदाब-मधुमेह आहे का, घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले आहे का? 'हो' म्हणणाऱ्याला आधी डॉक्टरकडे पाठव. दुसरी, स्वतः आणि नोकराने छाती दाबण्याचे प्रशिक्षण घ्या. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही, तर १०८ ला फोन करून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाबायचे. मदत येईपर्यंत थांबायचे नाही. तिसरी, सार्वजनिक दायित्वाचा विमा उतरव. डॉक्टरांसाठी असा व्यावसायिक नुकसानभरपाई विमा असतो. ठरलेल्या मर्यादेपर्यंत भरपाई आणि वकिलाचा खर्च विमा कंपनी देते. मात्र पॉलिसी खंडित होऊ देऊ नये, नोटीस येताच कंपनीला लेखी कळवावे, आणि काय वगळले आहे ते सही करण्यापूर्वी वाचावे.

माझ्या व्यवसायबंधूंना हे कदाचित रुचणार नाही, पण ते वाक्य आपण संमतीपत्रातून काढून टाकावे असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने डॉक्टर गाफील होतो आणि नातेवाईक आपला हक्क संपला असे समजून गप्प बसतो. विमा असला म्हणून काळजी कमी करायची असेही नाही. कंपनी पैसे भरील. गेलेला माणूस परत आणणार नाही.

वाचकांनीही सही करण्यापूर्वी विचारावे : काय करणार, धोका कोणता, दुसरा उपाय आहे का? सही करणारा सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर उत्तर त्यालाच मिळाले पाहिजे, काकांना किंवा मेहुण्यांना नव्हे. उपचारांच्या कागदपत्रांची प्रत मागितल्यास ७२ तासांत देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे.

माझ्या ड्रॉवरमधला गठ्ठा मी फाडला. नवे संमतीपत्र मराठीत, एका पानाचे केले आहे. ते वाचून दाखवायला दहा मिनिटे लागतात. बाहेर बसलेल्या रुग्णांनी तेवढी कळ सोसावी, ही विनंती.