सत्तर टक्के सूट... पण कुठल्या किमतीवर?

पनवेल सोडून मुंबई-गोवा हायवेनं पेणच्या दिशेनं निघालात की दुतर्फा होर्डिंग सुरू होतात. बंगलो प्लॉट, सेकंड होम, ‘तिसऱ्या मुंबईत गुंतवणूक करा’. हे वारं उगाच आलेलं नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू सुरू झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी एमएमआरडीएला नवनगर प्राधिकरण म्हणून नेमलं गेलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. जमिनीच्या मागोमाग फ्लॅट आले आणि फ्लॅटच्या मागोमाग सोफा, झुंबर, पडदे आणि ‘इटालियन फिनिश’ आलं.

आणि त्याबरोबर आला सेल. मोबाइलवर रोज एक. तालुक्याच्या गावात मैदानावर मंडप टाकून ‘सहारनपूर फर्निचर, फक्त १५ दिवस’ वेगळा. धाटावच्या एमआयडीसीत पहिली नोकरी लागली असेल, घरात दादाचं लग्न ठरलं असेल, किंवा बाबांनी रिटायरमेंटच्या पैशातून फ्लॅट घेतला असेल, तर ‘तू बघ ना ऑनलाइन, कुठे स्वस्त मिळतंय ते’ ही जबाबदारी तुमच्यावरच येते. म्हणूनच हा विषय फक्त श्रीमंतांच्या चोचल्यांचा नाही. भारी वस्तू खरंच स्वस्तात मिळते का, हा प्रश्न आता आपल्याही घरातला आहे.

एमआरपीची गंमत

आधी सुटीचं गणित समजून घेऊ. झुंबराच्या खोक्यावर एमआरपी ३०,००० आणि तुम्हाला ते मिळतंय ९,००० ला. म्हणजे ७० टक्के सूट! पण ३०,००० हा आकडा ठरवला कुणी? उत्पादकानं किंवा आयातदारानं. एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत, हे कायदा सांगतो. पण ती एमआरपी उत्पादनखर्चाच्या किती पट असावी, यावर या वस्तूंना कुठलंही बंधन नाही. त्यामुळे ते झुंबर कुणीही, कधीही ३०,००० ला विकत घेतलेलं नसू शकतं. सुतारानं बनवलेल्या सुट्या सोफ्यावर तर एमआरपी नसतेच. तिथे ‘मूळ किंमत’ म्हणजे दुकानदारानं पाटीवर मार्करनं लिहिलेला आकडा.

युरोपीय महासंघानं यावर एक साधा उपाय केला. मे २०२२ पासून तिथे सूट जाहीर करताना त्या वस्तूची मागच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. आधी भाव चढवायचा आणि मग सूट द्यायची, हा खेळ त्यामुळे अवघड झाला. आपल्याकडे २०२२ ची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धची नियमावली आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न्स’विरुद्धची नियमावलीही आली. ‘फक्त २ नग शिल्लक’ असा खोटा धाक दाखवणं, शेवटच्या पानावर गुपचूप चार्जेस जोडणं असे १३ प्रकार त्यात मोडतात. पण ३० दिवसांचा तो साधा नियम आपल्याकडे नाही. तोवर हे काम तुम्हालाच करायचंय. आवडलेल्या वस्तूचा स्क्रीनशॉट घ्या, महिनाभर थांबा, मग सेल लागला की भाव ताडून बघा. घर बांधून व्हायला दोन वर्षं लागतात, झुंबराला एक महिना थांबायला हरकत काय?

खरी स्वस्ताई कुठून येते?

कुठलीही चांगली वस्तू कारणाशिवाय स्वस्त होत नाही. दुकानदार दानधर्म करायला बसलेला नाही. त्यामुळे ‘किती टक्के सूट’ यापेक्षा ‘का स्वस्त’ हा प्रश्न जास्त कामाचा. त्याची खरी उत्तरं मोजकीच आहेत.

पहिलं, निर्यातीचा अडकलेला माल. पानिपत आणि करूरच्या चादरी-पडदे, मुरादाबादचे पितळी दिवे, जोधपूरचं लाकडी फर्निचर यांचा मोठा ग्राहक अमेरिका. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेनं भारतीय मालावर एकूण ५० टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा या गावांतल्या ऑर्डरींना मोठा धक्का बसला. असा माल देशी बाजारात येतो तेव्हा तो खरोखर दर्जेदार आणि खरोखर स्वस्त असू शकतो. पण ‘एक्स्पोर्ट सरप्लस’ ही पाटी कुणीही लावू शकतं. म्हणून शिवण, लेबल, कापडाचं वजन हातात घेऊन बघा. चादर परदेशी पलंगाच्या मापाची निघण्याची शक्यताही धरा.

दुसरं, डिस्प्लेचा किंवा परत आलेला माल. तुर्भ्याला डिसेंबर २०२० मध्ये आयकिया सुरू झालं. तिथे परत आलेल्या आणि मांडणीतल्या वस्तूंसाठी वेगळा कोपरा असतो. किंमत का कमी झाली, हे तिथे तुम्हाला डोळ्यांनी दिसतं: कोपऱ्याला टवका, एक स्क्रू नाही, खोकं फाटलेलं. रोहा किंवा पेणहून मेमूनं पनवेल आणि तिथून लोकलनं तुर्भे, एवढाच प्रवास. फक्त परतीचा टेम्पो हिशोबात धरा. ६,००० चं टेबल ४,००० ला मिळालं आणि टेम्पोला २,५०० गेले, तर ती सूट टेम्पोवाल्याला मिळाली!

तिसरं, वापरलेला माल. हॉटेलं नूतनीकरण करतात, ऑफिसं बंद होतात, घरं रिकामी होतात. हा माल जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर मार्केटसारख्या ठिकाणी येतो. दिव्यांसाठी मुंबईतली लोहार चाळ हा जुना ठोक बाजार आहे. तिथे भाव कमी असतो, कारण मधले हात कमी असतात.

चौथं, कर. इथे मात्र सावध राहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि ‘जीएसटी कपात धमाका’च्या पाट्या सगळीकडे लागल्या. प्रत्यक्षात साध्या लाकडी फर्निचरवर आणि एलईडी दिव्यांवर आधीही १८ टक्के होता, आताही १८ च आहे. कमी झाला तो पूर्णपणे बांबू, वेत यांच्या फर्निचरवर आणि हस्तकलेच्या दिव्यांवर: १२ वरून ५ टक्के. पडदे, चादरी यांचं वेगळंच. २,५०० रुपयांपर्यंतच्या नगावर ५ टक्के, त्यावरच्या नगावर आधी १२ होता तो आता १८. म्हणजे २,५०० चा बेडकव्हर करासकट २,६२५ ला पडतो आणि २,६०० चा ३,०६८ ला. शंभर रुपयांच्या फरकासाठी ४४३ रुपये. दुकानदार ‘जीएसटी कमी झाला म्हणून सोफा स्वस्त’ म्हणाला, तर दर विचारा. उत्तर मिळणार नाही.

कोकणातली हवा हिशोबात धरा

पुण्यात किंवा दिल्लीत फायद्याचा ठरलेला सौदा पेण-रोह्यात तोट्याचा ठरू शकतो. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल, कपाटात बुरशी, खारेपाटाकडे खारा वारा. पार्टिकल बोर्ड आणि साधं एमडीएफ ओल धरतं, फुगतं आणि स्क्रू सोडून देतं. कुंडलिकेचं पाणी ज्यांच्या उंबऱ्यापर्यंत येतं, त्यांना हे वेगळं सांगायला नको. ‘शिसम’ म्हणून विकलेल्या कपाटाचा ड्रॉवर काढून मागची बाजू बघा, तळ बघा. वरून लाकडाची रेघ आणि आतून भुसा दिसला, तर त्यावरची सूट विसरा. प्लायवूड घेताना आयएसआय खूण बघा. ओलाव्यासाठी आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर ग्रेड किंवा आयएस ७१० चा मरीन प्लाय मागा.

दिव्यांचंही तसंच. आपल्याकडे पहिल्या पावसात लाइट किती वेळा जाते-येते, हे तुम्हाला माहीत आहे. एलईडी दिव्यात सहसा आधी जातो तो ड्रायव्हर. त्यामुळे दोन प्रश्न विचाराच: ड्रायव्हर वेगळा बदलता येतो का? आणि बल्ब साध्या होल्डरचा आहे की पट्टी आतच चिकटवलेली आहे? पट्टी आत असेल, तर ती बिघडल्यावर अख्खं झुंबर निकामी होऊ शकतं. ड्रायव्हरवर ‘आर’नं सुरू होणारा बीआयएस नोंदणी क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की खरा-खोटा लगेच कळतं. ‘क्रिस्टल’चा लोलक हातात घ्या. काच जड आणि थंड लागते, अ‍ॅक्रिलिक हलकं.

‘बिल नको असेल तर कमी करतो’

आपल्याकडची सर्वांत जुनी सूट हीच. १८ टक्के वाचले असं वाटतं. पण बिलाबरोबर वॉरंटी गेली, बदलून मिळण्याचा हक्क डळमळला आणि तक्रार करायला पुरावाच उरला नाही. १५ दिवसांचा मंडप उठल्यावर सोफ्याचा पाय मोडला, तर कुणाला शोधणार? पक्कं बिल असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे आणि अलिबागला जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, आणि तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवरून ऑनलाइन करता येते.

‘नो कॉस्ट ईएमआय’ हा याचाच आधुनिक भाऊ. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच सांगितलंय. ६०,००० चा सोफा १२ महिन्यांच्या, ५,००० च्या हप्त्यानं क्रेडिट कार्डवर घेतला आणि बँकेचा दर १५ टक्के असेल, तर त्यात साधारण ४,६०० रुपये व्याज दडलेलं असतं. ते दुकानाच्या सुटीतून वळतं करतात. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ८३० रुपये, वर प्रोसेसिंग फी, हे तुमच्याच खिशातून. म्हणून सरळ विचारा: ‘रोख दिले तर ती सूट मला मिळेल का?’

खजिना तर घरातच

आता या सगळ्या गोष्टीची उलटी बाजू. आपल्याकडची जुनी घरं पाडून स्लॅबची घरं बांधली जातात, तेव्हा सागवानी तुळया, खांब, दारं, कोनाड्याच्या चौकटी, आजीचा पाळणा, पितळी समया काय भावानं जातात? भंगारवाला म्हणेल त्या. पितळ किलोवर, लाकूड ढिगावर. असंच जुनं लाकूड पॉलिश होऊन ‘रिक्लेम्ड टीक’ या नावानं शोरूममध्ये उभं राहतं, फार्महाउसच्या दिवाणखान्यात जातं, अनेक पट किमतीला. इथे स्वस्ताई मिळते ती विकत घेणाऱ्याला, आणि तोटा होतो तो आपला.

एका जुन्या दारातून डायनिंग टेबल होतं, चार तुळयांतून पलंग. गावातल्या सुताराची मजुरी आणि पॉलिश धरूनही ते सेलमधल्या ‘लक्झरी’ पलंगाच्या तोडीस तोड पडेल, आणि ओलीला घाबरणार नाही. निदान विकण्याआधी दोन ठिकाणी भाव तरी काढा.

सेल येत राहतील. विमानतळ, नवं शहर, नवे टॉवर येतील तसे वाढतीलच. तेव्हा ‘किती टक्के?’ असं कुणी घरात विचारलं, तर तुम्ही दुसरे तीन प्रश्न विचारा: का स्वस्त आहे, बिल मिळेल का आणि चार पावसाळे टिकेल का? तिन्हींची उत्तरं दुकानदारानं न अडखळता दिली, तर खुशाल घ्या. ३० टक्के सूट असली तरी तो सौदा खरा. नाही दिली, तर ७० टक्क्यांचंही घेऊ नका. पैसे तुमचे आहेत आणि सेल पुढच्या आठवड्यातही आहेच.