उघडली ती मिटलीच नाहीत

दिवाळी अंकाचा मजकूर तपासायला हाती आला की पहिल्याच पानावर कळतं, हा आजवर कुणीही वाचलेला नाही. एका संवादाला वळणदार दुहेरी अवतरणचिन्हं, पुढच्याला सरळ उभ्या रेघा, तिसऱ्याला एकेरीच दोनदा मारून केलेली दुहेरी. चौथा संवाद उघडतो आणि कथा संपली तरी मिटत नाही. नायिका बोलतेय की निवेदक, ते वाचकानं स्वतःच्या जबाबदारीवर ठरवायचं. संपादकमहाशयांचं उत्तर तयार असतं: “एवढं कोण बघतं? आशय बघा.” कोण बोलतंय तेच कळेना, तर आशय कुणाचा बघू?

ही खिचडी शिजते कशी? अर्धा लेख मोबाइलवर टंकलेला, अर्धा लॅपटॉपवर, दोन उतारे जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये ओतलेले. प्रत्येकाची चिन्हं निराळी. त्यात आपला इनस्क्रिप्ट कळफलक: इंग्रजीत जिथं अवतरणाची कळ, तिथं ट आणि ठ. दर अवतरणाला इंग्रजीत उडी मारा, परत या. सरळ चिन्ह ही तर टंकयंत्राची काटकसर, उघडायला-मिटायला एकच कळ. १९६३च्या आस्की या संगणकी चिन्हसंचात ती शिरली आणि अजून मुक्काम हलवत नाही.

“वर्ड करतो की आपोआप!” करतो ना, मागचं अक्षर बघून. मागे मोकळी जागा असेल तर उघडणारं, अक्षर असेल तर मिटणारं. म्हणूनच ’७२चा दुष्काळ लिहायला गेलात की लोपचिन्हाच्या जागी उघडणारं एकेरी अवतरण येऊन बसतं.

सरळ चिन्हं वळवणं सोपं आहे. ऑटोफॉरमॅटमधला स्मार्ट कोट्सचा पर्याय चालू ठेवा, फाइंड-रिप्लेसच्या दोन्ही चौकटींत तेच सरळ चिन्ह टाका आणि सगळी बदला. चहा निवायच्या आत होतं. तेवढंही न करता मजकूर धाडणाऱ्याला साहित्यिक म्हणायचं, तर एकेरी अवतरणात म्हणा.

पण संवाद कुठं, नुसता जोर कुठं, उघडं काय राहिलं, हे यंत्राला कळत नाही. एकेरीची सरसकट दुहेरी केलीत तर लोपचिन्हंही दुहेरी होतील. तिथं मुद्रितशोधकाचे डोळेच लागतात. त्या डोळ्यांचे पैसे द्यायची वेळ आली की अंकाचं अंदाजपत्रक कोलमडतं. मुखपृष्ठाच्या चकचकीत कागदाला ते कधी कोलमडल्याचं ऐकलं नाही.

“ही चिन्हं मुळात इंग्रजांचीच,” असंही एकानं सुनावलं. खरंय, मराठीत ती १९व्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी रुजवली. मग पूर्णविरामही परत करा.

वाचकहो, अंक घेताना श्रेयनामावली उघडा. मुद्रितशोधकाचं नाव नसेल, तर अंक जिथून उचललात तिथंच ठेवा.