समृद्धीवरची टोलमाफी आणि मंठ्याची स्कूटर

महाराष्ट्र शासनाच्या मंत्रिमंडळाने २९ एप्रिल २०२५ रोजी जे नवे विद्युत वाहन धोरण मंजूर केले आणि ज्याची मुदत मार्च २०३० अखेरपर्यंत ठेवण्यात आली आहे, त्यातील ज्या एका तरतुदीची सर्वाधिक वाखाणणी झाली ती म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग या तीन रस्त्यांवर विजेच्या मोटारींना दिलेली संपूर्ण टोलमाफी होय. या तिघांपैकी समृद्धी महामार्ग तेवढा आपला; तो जालना आणि बदनापूर या दोन तालुक्यांच्या शिवारांतून जातो, त्याच्यासाठी येथल्या खातेदारांनी काळीभोर जमीन दिली आहे, आणि त्यामुळे त्याच्यावर जाहीर झालेल्या सवलतीत जालनेकरांचा वाटा किती, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार या जिल्ह्याला निश्चितच पोहोचतो. त्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की, समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही, आणि आमच्या जिल्ह्याच्या गल्लीबोळांत व पाणंद रस्त्यांवर ‘एमएच २१’ची हिरवी पाटी लावून जे वाहन दिसते ते बहुतांशी दुचाकीच आहे.

मोटारधारकाला सवलत मिळाली याचे वैषम्य मानण्याचे कारण नाही, आणि तीही त्याला सुखासुखी मिळालेली नाही. २२ ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर माफीचा अंमल सुरू झाला, तरी ठिकठिकाणी टोल कापलाच जात असल्याच्या तक्रारी पुढे विधानसभेपर्यंत पोहोचल्या आणि डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात माफीची तत्काळ अंमलबजावणी करण्याचे व वसूल केलेला टोल परत देण्याचे निर्देश खुद्द अध्यक्षांना द्यावे लागले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, तीस लाखांहून अधिक किमतीच्या विजेच्या मोटारींवर सहा टक्के कर बसवावा की नाही, या विषयावर अर्थसंकल्पी अधिवेशनात ऊहापोह होऊन तो प्रस्ताव मागे घेतला गेला. माझे म्हणणे एवढेच आहे की, राज्याच्या सर्वोच्च सभागृहात विद्युत वाहनासंबंधी जे बोलले गेले त्यातला मोठा भाग अशा वाहनांविषयी होता की जी मंठा, परतूर, जाफराबाद किंवा घनसावंगी येथल्या सामान्य कुटुंबाच्या दारात या दशकात उभी राहण्याचा संभव नाही. आणि जे वाहन त्या दारात आजच उभे आहे, त्याच्या अडचणींची नोंद कोणत्याही दप्तरात पद्धतशीरपणे झालेली नाही.

हे वाहन लोकांनी हौसेने घेतलेले नाही, हिशेब करून घेतले आहे. खेड्यावरून तालुक्याच्या गावी शाळेत, पतसंस्थेत किंवा आडतीवर रोज जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर पडत असतील, तर महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या प्रवासासाठी साधारण तीस लिटर पेट्रोल लागते आणि लिटरमागे शंभराहून अधिक रुपये मोजता तीन हजारांहून अधिक रुपये त्यात जातात. तेवढेच अंतर विजेच्या स्कूटरला पन्नास ते साठ युनिटांत कापता येते. येथपर्यंतचा हिशेब विक्रेताही सांगतो. तो जे सांगत नाही ते असे की, महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढत जातात. पहिल्या शंभर युनिटांचा दर एक, आणि एकशे एकाव्या युनिटापासून तीनशेपर्यंतचा दर त्याच्या दुपटीहून अधिक. ज्या घरात दोन पंखे, दूरदर्शन संच, फ्रीज आणि चार दिवे यांवर महिन्याला ऐंशी-नव्वद युनिटे जळतात, त्या घरातल्या स्कूटरची बहुतेक सारी वीज वरच्या टप्प्यात जाऊन पडते. सर्व आकार आणि शुल्क धरून युनिटला अगदी पंधरा रुपये पडतात असे मानले तरी महिन्याचा खर्च नऊशेच्या वर जात नाही, म्हणजे दोन हजारांची बचत उरतेच. आणि म्हणून मी या वाहनाचा पक्षपाती आहे. तथापि ज्या शासनाला पेट्रोलवरचा परकीय चलनाचा खर्च वाचवायचा आहे, त्याने गरीब घराला स्कूटर घेतल्याबद्दल वरच्या दराच्या टप्प्यात ढकलावे आणि श्रीमंत मोटारीला मात्र टोल माफ करावा, ही व्यवस्था मला न्याय्य वाटत नाही.

विजेच्या दराहून विजेच्या असण्या-नसण्याचा प्रश्न अधिक बिकट आहे. विजेवर धावणारे वाहन या जिल्ह्याला नवे नाही; निजामी अमदानीत १९०० सालच्या सुमारास मनमाडहून आलेल्या ज्या लोहमार्गाने जालन्याची पेठ मुंबईच्या बाजाराशी जोडली गेली, त्याच मार्गाचे विद्युतीकरण होऊन ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईला वंदे भारत गाडी सुटली. पण त्या गाडीसाठी रुळांवर तारा ओढण्याआधी स्वतंत्र उपकेंद्रे उभी राहिली, पुरवठ्याची हमी घेतली गेली, आणि मगच गाडी धावली. स्कूटरच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. गाडी आधी आली. तिला वीज देणारी डीपी मात्र गावात जी वीस वर्षांपूर्वी बसली तीच आहे, तिच्यावर आकडे टाकणारे आहेत, पिठाची गिरणी आहे, आणि उन्हाळ्यात कूलर सुरू झाले की सायंकाळी दाब इतका उतरतो की चार्जरवरचा दिवा लुकलुकून विझतो. गावठाणाचा फीडर वेगळा झाल्यापासून गावात राहणाऱ्याची स्थिती पुष्कळ सुधारली, हे मान्य केले पाहिजे. परंतु जे कुटुंब मोसंबीच्या बागेजवळ शेतवस्तीवर राहते त्याला कृषिपंपाच्या वाहिनीवर अवलंबून राहावे लागते. तिची आठ तासांची पाळी कधी दिवसा, कधी मध्यरात्री येते, आणि डीपी जळाली म्हणजे नवी येईपर्यंत वर्गणी, तगादे आणि खेटे यांतच दिवस जातात. त्या अवधीत स्कूटर गोठ्यात उभी राहते आणि मुलगी महाविद्यालयात कशी जाणार याचा विचार घरातल्या माणसांना पुन्हा जुन्या मोटारसायकलीकडे वळवतो.

आणखी एक गोष्ट, जी मला विशेष काळजीची वाटते. खेड्यातल्या पुष्कळ घरांत अर्थिंगची तार नुसती नावाला असते. तीन छिद्रांच्या सॉकेटचे तिसरे छिद्र भिंतीच्या आत कशालाही जोडलेले नसते. दिवा आणि पंखा यांचे त्यावाचून अडत नाही. परंतु स्कूटरचा चार्जर चार-पाच तास अखंड वीज ओढतो, त्याची पिन तापते, आणि पत्र्याच्या खोलीत, जेथे वैशाखात चाळिसाच्या वर पारा जातो, तेथे नुकतीच धावून आलेली, अंगातली ऊब न गेलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावली जाते. २०२२ साली देशभर स्कूटरांना आगी लागल्या तेव्हा केंद्राने बॅटरीच्या कसोट्या कडक केल्या आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत त्या लागू झाल्या. कारखान्यात तयार होणारी वस्तू त्यामुळे सुधारली. घरातल्या वायरिंगची तपासणी करणारा मात्र कोणी आला नाही. गाडी थंड होऊ द्यावी, रात्री सर्व माणसे झोपलेली असताना उंबऱ्याशी चार्जिंग लावू नये, जाड तारेचा स्वतंत्र प्लग बसवून घ्यावा, या तीन गोष्टी मराठीत छापून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हाती द्याव्यात असा हुकूम परिवहन खात्याने काढला तर त्याला कवडीचाही खर्च नाही.

आता दुरुस्तीचे पाहा. मंठा तालुक्यातल्या एका शिक्षकांची स्कूटर पावसाळ्यात एके दिवशी रस्त्यातच बंद पडली. गावातल्या मिस्त्रीने, ज्याचा हात कार्ब्युरेटरवर गेली पंचवीस वर्षे बसला आहे, आसन उचलून पाहिले, काळे झाकण पाहिले, आणि हात न लावताच ते परत ठेवले. कारण ते उघडले तर हमी रद्द होईल असे त्यावर लिहिले होते. मग शिक्षकांनी पिकअप भाड्याने केली, दोरखंडाने स्कूटर आडवी बांधली आणि साठएक किलोमीटरवरच्या जालन्याला नेली. तेथे लॅपटॉप जोडून दोष कंट्रोलरचा असल्याचे निष्पन्न झाले, सुटा भाग मागवावा लागेल असे सांगण्यात आले, आणि तो येईपर्यंत शिक्षक एस.टी.ने शाळेत जात राहिले. भाग हमीतून फुकट मिळाला. पिकअपचे जाण्या-येण्याचे भाडे आणि बुडालेल्या रजा यांची भरपाई कोणत्याही हमीपत्रात लिहिलेली नव्हती. हे एकट्या त्यांचेच दुर्दैव नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एका मोठ्या स्कूटर कंपनीला नोटीस बजावली तेव्हा राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर त्या एका कंपनीविरुद्ध वर्षभरात १०,६४४ तक्रारी जमल्या होत्या. ज्यांना मदतवाहिनीचा क्रमांक ठाऊक नाही त्यांच्या तक्रारी या आकड्यात आलेल्या नाहीत.

पेट्रोलच्या गाडीचा जुना व्यवहार बैलाच्या व्यवहारासारखा होता. दात पाहून बैलाचे वय सांगावे तसे इंजिनाचा आवाज ऐकून, धूर पाहून जाणता माणूस गाडीचे मोल ठरवी. विजेच्या गाडीला असा दात नाही. तिच्या किमतीचा तिसऱ्या हिश्शाहूनही अधिक भाग जिच्यात आहे ती बॅटरी मुकी असते. तिच्यात मुळातल्या शक्तीपैकी किती शिल्लक आहे हे फक्त कंपनीच्या यंत्राला समजते, आणि ते आकडे मालकाला मागूनही सहज मिळत नाहीत. परिणामी तीन वर्षांनी स्कूटर विकायला काढली की गिऱ्हाईक बॅटरीची किंमत शून्य धरूनच बोलायला बसते. बॅटरीच्या शिल्लक शक्तीचा सही-शिक्क्याचा दाखला देणे प्रत्येक कंपनीवर बंधनकारक केले, तर सामान्य मालकाचे जे हित साधेल ते दहा वर्षांच्या अनुदानानेही साधणार नाही. अनुदान तर ओसरतेच आहे. ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत दुचाकीला पहिल्या वर्षी किलोवॅट-तासामागे पाच हजार रुपये मिळत, ते दुसऱ्या वर्षी निम्म्यावर आले.

आणि बॅटरी संपल्यावर काय? जालना हे भंगारातून सळई घडवणारे गाव आहे. येथल्या भट्ट्यांनी जुन्या लोखंडाला भाव दिला म्हणून दूरदूरचे भंगार या गावाची वाट चालते. शिशाच्या जुन्या बॅटरीलाही भंगारवाला रोख पैसे मोजतो. लिथियमच्या बॅटरीसाठी २४ ऑगस्ट २०२२ च्या नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, परंतु भोकरदनच्या माणसाने ती नेमकी कोणत्या दारात नेऊन द्यायची याचा पत्ता त्या नियमांनी त्याला दिलेला नाही. ज्या औद्योगिक वसाहतीने पोलादाचा उद्योग शून्यातून उभा केला, तिच्यात या नव्या भंगाराचे शास्त्रशुद्ध विघटन करणारा कारखाना उभा राहावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. शेजारच्या बिडकीनला स्कूटरांचा मोठा कारखाना यायचा आहे. दोन तासांच्या अंतरावर गाड्या जन्माला येणार असतील तर त्यांच्या शेवटाची तजवीज जालन्याने करणे हे उद्योगाच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे.

तोपर्यंत शासनाने करण्याजोगे काम अवघड नाही. जी कंपनी अनुदानाची रक्कम उचलते तिने, ज्या तालुक्यात ठराविक संख्येहून अधिक गाड्या विकल्या असतील तेथे दुरुस्तीचे केंद्र आणि सुट्या भागांचा साठा ठेवलाच पाहिजे, अशी अट शासन निर्णयात घालावी. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत गावोगावच्या मिस्त्रींसाठी सायंकाळचे वर्ग काढावेत आणि त्यांतून उत्तीर्ण झालेल्याने काळे झाकण उघडले तर हमी रद्द होणार नाही, असे कंपन्यांकडून लिहून घ्यावे. दराचा प्रश्न राज्य वीज नियामक आयोगाच्या हाती आहे. तेथे दरनिश्चितीच्या वेळी लेखी हरकती मागवल्या जातात, उद्योगांच्या संघटना त्या नेमाने दाखल करतात, आणि घरगुती ग्राहकाची बाजू बहुधा रिकामी राहते. विजेच्या दुचाकीची नोंदणी दाखवणाऱ्या घराला महिन्याची साठ युनिटे खालच्याच दराने मिळावीत, ही मागणी पुढच्या सुनावणीत जालना जिल्ह्यातून, ग्रामसभांच्या ठरावांसह, दाखल झाली पाहिजे.