राजाराम बंधाऱ्याचे ‘फूट’ वाचायचे कसे?

पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या मोबाइलवर दिवसभर एकच आकडा फिरतो : कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेची पातळी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पातळी ५५ फुटांच्या वर गेली आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. पण हा आकडा नेमके काय सांगतो?

पातळी आणि विसर्ग वेगळे

फूट म्हणजे बंधाऱ्यावरील मोजपट्टीवर पाणी कुठवर आले ते. किती पाणी वाहतेय ते क्युसेकमध्ये कळते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर पाणी भोगावतीत येते.

विसर्ग कसा काढतात?

नदीपात्राचा छेद घेऊन त्याचे क्षेत्रफळ काढतात. प्रवाहमापकाने पाण्याचा वेग मोजतात. दोन्हींचा गुणाकार म्हणजे विसर्ग. वेगवेगळ्या पातळ्यांना अशी मोजणी केली की पातळी-विसर्गाचा तक्ता तयार होतो. मग पातळी पाहून विसर्गाचा अंदाज बांधता येतो.

तक्ता कुठे चुकतो?

पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगवटा येतो. अशा वेळी विसर्ग तेवढाच असला तरी पातळी जास्त दिसते. धरणक्षेत्रात पाऊस थांबूनही पूर संथपणे ओसरतो, त्याचे हे एक कारण.

मग काय पाहायचे?

नुसते ‘किती फूट’ नको, ‘तासाला किती इंच’ हेही पाहा. ४० फुटांवर स्थिर असलेली नदी आणि ३८ फुटांवरून झपाट्याने चढणारी नदी यांत दुसरीची चिंता जास्त. सोबत राधानगरीचा विसर्ग आणि कृष्णेची पातळी बघा.

प्रशासनानेही पातळीसोबत चढण्याचा वेग आणि विसर्ग ठळकपणे द्यावा. शिवाय बंधाऱ्यावर किती फूट झाले की कोणत्या गल्लीत पाणी येते, याचा फलक त्या त्या गल्लीत लावावा. चिखली-आंबेवाडीच्या माणसाला ४३ हा आकडा पाठ आहे. त्याला हवे असते ते एवढेच : जनावरे सोडून घर रिकामे करायला हातात किती तास आहेत?