रिसेट दाबण्याआधी

मंडळी, मराठीच्या मास्तराला मशीनमधलं काय कळतंय, असं म्हणाल. पण भाचा लातूरला सीएनसी लेथवर आहे, त्याच्याकडून ऐकून ऐकून माझं एक मत झालंय. अक्षाचा अलार्म आला की पोरं रिसेट दाबतात. तो परत परत आला की मालक म्हणतो, मोटर बदला. आकडा कोणी वाचतच नाही!

फानुकच्या बऱ्याच कंट्रोलवर ४१० आणि ४११ असे अलार्म असतात. सांगितलेली जागा आणि प्रत्यक्षातली जागा यांत मर्यादेबाहेर फरक पडला, असा दोन्हींचा अर्थ. ४१० अक्ष थांबलेला असताना येतो, ४११ चालताना. मग मोटरीआधी अडकलेली चिप, आटलेलं तेल, सैल केबल नको का बघायला? उभ्या अक्षाचा ब्रेक सुटतोय का, तेही.

काही जण पॅरामीटरमध्ये मर्यादाच वाढवून अलार्म गप्प करतात. म्हणजे नापासाला ग्रेस मार्क! (आम्ही तेही पुष्कळ पाहिलंय. असो.)

आकडा, अक्ष आणि त्या वेळी काय चालू होतं, हे मराठीत वहीत लिहायची सवय आयटीआयतच लावायला हवी. आणि ड्राइव्ह उघडण्याआधी वीज बंद करून थांबायचं. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब उरलेला असू शकतो. मालक कितीही ओरडला तरी थांबायचं.