माप बाळाचे, लोकर उरलेली

विणकाम होणाऱ्या घरात लोकर कधी संपत नाही. स्वेटर पूर्ण होतो, चार हिवाळे वापरला जातो, मुलाला आखूडही होतो. पण त्याच रंगाचा अर्धा गुंडा कपाटाच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून राहतो. ही काही उधळपट्टी नव्हे. एकच रंग दोन वेगवेगळ्या वेळी चढवला गेला की छटेत बारीकसा फरक पडतो, म्हणून गुंड्याभोवतीच्या कागदी पट्टीवर रंगाच्या क्रमांकाशेजारी लॉटचा क्रमांकही छापलेला असतो. दुसरी बाही अर्ध्यावर आली असताना लोकर संपावी आणि दुकानात त्या लॉटचा गुंडा नसावा, हे संकट ज्या बाईने एकदा पाहिले ती पुढे आयुष्यभर एक गुंडा जास्त घेते. हाच जास्तीचा गुंडा मागे उरतो. वीस वर्षांत असे तीसचाळीस गुंडे साठतात आणि दिवाळीच्या साफसफाईत घरातले पुरुष त्या पिशवीकडे बोट दाखवून विचारतात, "हे टाकायचे का?"

मीरा-भाईंदरमध्ये हा प्रश्न जास्त बोचतो, कारण इथे कपाटेच लहान. 1985 साली नगरपालिका आणि 2002 साली महानगरपालिका झालेल्या या गावाची लोकसंख्या 1991 च्या जनगणनेत पावणेदोन लाख होती, ती 2011 मध्ये आठ लाखांवर गेली. गिरगाव, परळ, दादरच्या खोल्या सोडून परवडणाऱ्या घरासाठी जी कुटुंबे खाडीच्या अलीकडच्या या टोकाला आली, त्यांच्या सामानात सुयांचे जोड आणि लोकरीच्या पिशव्याही आल्या. शिवाय इथल्या बायकांना विणायला एक हक्काची जागा मिळाली, ती म्हणजे लोकल. पश्चिम रेल्वेने 5 मे 1992 रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी महिला विशेष गाडी सुरू केली आणि पुढल्या वर्षी ती विरारपर्यंत नेली. भाईंदर ते चर्चगेट तासाभराचा प्रवास, त्यात बसायला मिळाले तर मेथी निवडून होते, नाहीतर स्वेटरची चार बोटे वीण होते. आता त्या हातांत बहुधा मोबाइल असतो. तरी सुया अजिबात दिसेनाशा झाल्या आहेत असे मात्र नाही. डब्यात एखादी बाई अजून दोन सुलट, दोन उलट करत असते आणि समोरची अनोळखी बाई हमखास विचारते, "कुणाकडे बाळ येणार आहे?"

हा प्रश्न मला फार बोलका वाटतो. उरलेल्या लोकरीचे काय करायचे, याचे उत्तर आपल्याकडे ठरलेले आहे. बाळासाठी काहीतरी करायचे. बाळंतविड्यात झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, कुंची असतेच. त्यात हाताने विणलेली टोपी आणि मोजे घातल्याशिवाय आजीचे समाधान होत नाही. बाळासाठी नवे कोरे काही घेण्यापेक्षा वापरून मऊ झालेले बरे, ही आपली जुनी समजूत. आजीच्या नऊवारीचे दुपटे करणाऱ्या घराला उरलेल्या लोकरीच्या टोपीत कमीपणा वाटण्याचे कारणच नव्हते. टोपीला लोकर लागते तरी किती? पूर्ण दिवसांच्या बाळाला वीस-पंचवीस ग्रॅम पुरतात.

पण भाईंदर म्हणजे महाबळेश्वर नव्हे. इथे जानेवारीतल्या चार पहाटा सोडल्या तर थंडी म्हणावी अशी पडत नाही, आणि तरीही मे महिन्यात टोपी, मोजे, स्वेटर अशा सरंजामात घामाघूम झालेली तान्ही बाळे मी स्टेशनात पाहते. टाळू उघडी ठेवू नये, हे आजीचे म्हणणे. मानेवर उठलेले घामोळे मात्र दुसरेच काही सांगत असते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 च्या शिफारशींत स्पष्ट म्हटले आहे, की जन्मानंतरचे पहिले काही तास आणि नवजात अतिदक्षता विभाग सोडला, तर घरात बाळाच्या डोक्यावर टोपी ठेवू नये. अंग जास्त तापणे हाच एक धोका आहे. मग आपल्या हवेत ही टोपी विणायची कोणासाठी?

उत्तर त्या शिफारशीच्या अपवादातच आहे. बाळ जन्मते तेव्हा ओले असते. आईच्या पोटातल्या सदतीस अंशांतून ते एकदम बाहेर येते, आणि बाहेर अनेकदा वातानुकूलित शस्त्रक्रियागृह असते. ओल्या अंगावरून पाणी उडून जाते आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जाते. अंगाच्या मानाने बाळाचे डोके मोठे, म्हणून तिथून बरीच उष्णता जाते. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाच्या कातडीखाली चरबीचा थर जवळजवळ नसतो, आणि आपल्यासारखे कुडकुडून ऊब निर्माण करणेही त्याला जमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने नवजात बाळाचे तापमान 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअसमध्ये हवे. बाहेर बत्तीस अंशांचा उकाडा असतानाही प्रसूतिगृहातले बाळ याखाली घसरू शकते. अशी बाळे थोडी नाहीत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ज्यांचे वजन नोंदले गेले त्या बाळांपैकी शेकडा अठरा जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी भरली.

या बाळांसाठीचा सर्वांत साधा उपाय कोलंबियाच्या बोगोटा शहरात सापडला. तिथल्या रुग्णालयात पेट्या कमी आणि बाळे जास्त, म्हणून 1978-79 च्या सुमारास डॉ. एडगर रे आणि डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवायला सुरुवात केली. कांगारू जसे पिलाला पोटाच्या पिशवीत ठेवते, तसे. आपल्याकडे हीच 'कांगारू मातृसेवा'. तिचे मोल 2021 मध्ये पुन्हा सिद्ध झाले. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह भारत आणि आफ्रिकेतील पाच रुग्णालयांत, एक ते पावणेदोन किलोच्या आसपासच्या सुमारे 3200 बाळांवर अभ्यास झाला. बाळाची प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता लगेच छातीशी धरलेल्या गटात पहिल्या अठ्ठावीस दिवसांत शंभरामागे बारा बाळे दगावली. नेहमीच्या पद्धतीत जवळजवळ सोळा.

आता विणणाऱ्या बाईने इथे लक्ष द्यावे. आईच्या छातीशी असलेल्या त्या बाळाच्या अंगावर तीनच गोष्टी असतात: लंगोट, टोपी आणि पायमोजे. स्वेटर नसतो, झबलेही नसते, कारण ते मध्ये आले की कातडीचा स्पर्श तुटतो. आपण हौसेने ज्यावर सर्वांत जास्त वेळ घालवतो, ते पुढून बटणाचे, कमरेला रिबीन ओवलेले जाकीट तिथे निरुपयोगी आहे. टोपीने बाळ वाचते असे मी म्हणणार नाही. वाचवते ती आईची ऊब, दूध आणि परिचारिकेचे लक्ष. पण त्या उबेला वरचे झाकण लागते, आणि ते झाकण वीस ग्रॅम लोकरीत होते.

मात्र त्यासाठी विचाराची दिशा उलटी करावी लागेल. आपली सुरुवात लोकरीपासून होते: एवढी गुलाबी उरली आहे, तिचे काय होईल? सुरुवात बाळाच्या डोक्यापासून व्हायला हवी. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर 34-35 सेंटिमीटर, दीड किलोच्या बाळाचा 28-29, किलोभराच्या बाळाचा 26 च्या आसपास. स्वयंपाकघरातले माप सांगायचे तर पहिले डोके सोललेल्या नारळाएवढे आणि शेवटचे मोसंब्याएवढे. बाजारातली सर्वांत लहान टोपीही त्या मोसंब्यावरून घसरून डोळ्यांवर येते. हाताने विणणारी बाई इथेच बाजाराच्या पुढे जाते. वीण दोन सुलट, दोन उलट ठेवली की टोपी ताणते, म्हणून घेर डोक्यापेक्षा दोनतीन सेंटिमीटर कमीच धरावा. कान झाकले जावेत आणि काठ दुमडता यावा एवढी उंची पुरे.

लोकरीबद्दलही थोडे कठोर व्हायला हवे. आपण सरसकट जिला लोकर म्हणतो ती बहुतेक मेंढीची नसतेच. आपल्या आयांनी ज्या कौतुकाने 'कॅशमिलॉन' आणले, ते एका कृत्रिम धाग्याचे व्यापारी नाव होते. आजही दुकानातला बहुतांश माल ॲक्रिलिक असतो. तो घाम शोषत नाही आणि आगीजवळ वितळून चिकटतो. खरी लोकर टोचते आणि गरम पाण्यात आटते. रुग्णालयात कपडे गरम पाण्यातून काढावे लागतात, त्यामुळे सर्वांत टिकाऊ आणि आपल्या हवेला मानवणारा धागा सुती. तोही घरोघर उरलेला आहे. टीव्हीवरचे रुमाल आणि दारावरची तोरणे क्रोशाने करण्याच्या काळातला. तो बारीक असतो, दोनतीन पदर एकत्र घेतले की जमते. ॲक्रिलिकच वापरायचे तर बाळासाठी म्हणून मिळणारे मऊ घ्यावे आणि आधी आपल्या गळ्याला लावून पाहावे. जिथे आपल्याला खाजते तिथे बाळाची गोष्टच नको.

जुना स्वेटर उसवून काढलेला धागाही चालतो. तो कुरळा निघतो. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून त्याची लडी करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, धुवावी आणि खाली थोडे वजन टांगून वाळवावी, की तो सरळ होतो. रंग बदलताना गाठ मारू नये. टोके विणीतच ओवून टाकावीत, कारण आतली गाठ कोवळ्या कातडीला रुतते आणि लोंबता धागा इवल्या बोटाभोवती आवळला जाऊ शकतो. हनुवटीखालचे बंद नकोत, मणी नकोत. आणि गोंडा नको. गोंड्यावाचून टोपी बोडकी दिसते हे मलाही पटते, पण त्याचे तंतू तोंडात जातात.

एवढे नियम कशाला, उरलेल्या लोकरीचीच तर टोपी, असे कोणी म्हणेल. मुंबईतलेच एक उदाहरण देते. 1989 साली शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली; आशियातली ती पहिली. एका आईचे स्वतःच्या बाळाला पुरून उरलेले दूध दुसऱ्या आईच्या अशक्त बाळाला द्यायचे, ही कल्पना. तेही उरलेलेच. पण ते तसेच वाटीतून उचलून दिले जात नाही. आईची तपासणी होते, दूध पाश्चराइज होते, नोंद ठेवली जाते. उरलेले आहे म्हणून तिथे कोणी सैलपणा खपवून घेत नाही. आपल्या महिला मंडळांचे टोपीवाटप मात्र बरेचदा उलट्या टोकाने होते. आधी टोप्या होतात, मग हार-तुरे, मग छायाचित्र. आणि सगळ्या टोप्या सहा महिन्यांच्या बाळाच्या मापाच्या निघतात. एकीने आधी जाऊन प्रसूती कक्षाच्या सिस्टरना विचारावे: कोणते माप कमी पडते, महिन्याला किती लागतात, धुण्याची पद्धत कोणती, बाहेरच्या वस्तू घेण्याचा नियम काय. भाईंदर पश्चिमेला सरकारी भीमसेन जोशी रुग्णालय आहे, ज्याला जुनी माणसे अजून टेंबा म्हणतात. खासगी प्रसूतिगृहे तर गल्लोगल्ली आहेत. "टोप्या नकोत, मोजे द्या" असेही उत्तर मिळेल. मग मोजे करावेत.

एक शंका राहते, आणि ती खरी आहे. बाळाची टोपी ही रुग्णालयाने पुरवायची वस्तू. बायकांनी फुकट विणून दिली, की ती खरेदीच्या यादीतून कायमची गळायची. आपल्याकडे बायकांच्या फुकट कामावर किती व्यवस्था निर्धास्त झोपल्या आहेत हे सांगायला नको. यावरचा एक तोडगा मला अमेरिकेतून आलेला आवडतो. 2006 साली 'सेव्ह द चिल्ड्रन' संस्थेने तिथल्या लोकांना गरीब देशांतल्या नवजात बाळांसाठी टोप्या विणायला सांगितल्या, आणि प्रत्येकाला टोपीबरोबर राष्ट्राध्यक्षांना उद्देशून एक चिठ्ठीही लिहायला सांगितली: बालआरोग्यावरचा खर्च वाढवा. सुया चालवणारा हात लेखणीही चालवू शकतो, एवढे त्यांनी गृहीत धरले होते. मीरा-भाईंदरच्या मंडळांनी शंभर टोप्यांबरोबर महापालिकेला आणि जिल्हा आरोग्य कार्यालयाला एक पत्र द्यावे: कमी वजनाच्या बाळांसाठी टोप्या-मोजे, आईला बाळ छातीशी धरून बसता येईल अशा आरामखुर्च्या आणि त्यासाठी पडद्याआडची जागा, यांवर यंदा किती खर्च केला? उत्तर येईपर्यंत दर महिन्याला विचारावे. लोकलमध्ये विणणाऱ्या बाईकडे चिकाटीची कमतरता नसते.

आणि पिशवीच्या तळाशी जी टोचरी, विटलेली, कसर लागलेली लोकर उरेल तिची पायपुसणी होतात. जाड क्रोशाने गोल विणत गेले की दोन संध्याकाळी पुरतात.